तयार कपाटाचे फडताळ

आपल्या घरांत पुस्तके ज्या वेगाने येतात, त्या वेगाने त्यांच्यासाठी जागा निर्माण होत नाही. आजोबांच्या पोथ्या, स्वाध्यायाचे ग्रंथ, मुलांची पाठ्यपुस्तके, वर्षानुवर्षे जपलेले मासिकांचे अंक अशी ही संपदा पलंगाखालच्या ट्रंकेत, माळ्यावरील पोत्यात आणि खिडकीच्या कट्ट्यावर विखुरलेली असते. घराला रंग देण्याची वेळ आली की ती एकदा खाली उतरते, आणि परत वर चढविण्याचा कंटाळा आला की तिच्यातील निम्मी रद्दीच्या तराजूत जाते. ज्या कुटुंबांत दोन पिढ्यांपूर्वी मोडी वाचणारे कोणी होते, त्यांनी यात काय गमावले असेल याचा हिशेब आता लागणार नाही. पुस्तकांविषयी अनास्था असते म्हणून हे घडते असे मला वाटत नाही. बहुतेक ठिकाणी जागेची अडचण हेच कारण असते.

सुताराकडून भिंतभर कपाट करून घेणे हा यावरचा सरळ उपाय. परंतु प्लाय, सनमायका, बिजागऱ्या आणि मजुरी यांची बेरीज केल्यावर सामान्य नोकरदार गृहस्थ तो विचार पुढच्या दिवाळीवर ढकलतो. म्हणून अलीकडे बरीच कुटुंबे खोक्यातून सुट्या भागांत येणारे, घरी जोडावयाचे कपाट घेतात. ते स्वस्त असते आणि दुर्दैवाने स्वस्त दिसतेही. भिंत एकीकडे, कपाट दुसरीकडे. वर हातभर पोकळी, बाजूला चार बोटांची फट, त्या फटीत केरसुणी नाहीतर गुंडाळलेली चटई. हेच कपाट भिंतीचा भाग असल्यासारखे, त्या घरासाठीच घडविल्यासारखे करता येते. त्यासाठी लागणारे कौशल्य फार नाही. संयम मात्र लागतो.

भिंतीत सामावलेले कपाट ही कल्पना आपल्याला नवी नाही. आपल्या भागातील जुन्या घरांच्या दगडमातीच्या भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या असत. त्या जाडीतच दिव्यासाठी कोनाडा, देवासाठी देवळी आणि चीजवस्तूंसाठी लाकडी चौकट व दारे बसविलेले फडताळ ठेवलेले असे. खोलीतील एक इंचही जागा न अडविता सामान आत जाई. पुढे नऊ इंची विटांच्या भिंती आल्या, काँक्रीटचे सांगाडे आले, भिंतीला पोटच उरले नाही, आणि कपाट भिंतीबाहेर येऊन उभे राहिले. गोदरेजचे लोखंडी कपाट घराघरांत गेले ते त्याच काळात. ग्रंथांना घराच्या रचनेतच स्थान देणारी माणसे तेव्हाही होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या आरंभी ‘राजगृह’ बांधले, ते आपल्या ग्रंथसंग्रहाची सोय डोळ्यांपुढे ठेवून. तेवढी झेप आपल्यापैकी थोड्यांनाच शक्य आहे. पण एका भिंतीपुरता हा विचार कोणालाही करता येईल.

सुट्या भागांच्या पुस्तक-कपाटांत जगभर ज्याचे नाव झाले ते स्वीडनमधील आयकिया या कंपनीचे ‘बिली’. गिलिस लुंडग्रेन या आरेखकाने ते १९७९ साली तयार केले. बिली हे कंपनीतीलच एका सहकाऱ्याचे नाव. आपल्याला केवळ पुस्तकांसाठी असलेले साधे कपाट हवे, अशी त्याची मागणी होती असे सांगतात. त्याचे नेहमीचे माप ८० सेंटीमीटर रुंद, २८ खोल आणि २०२ उंच. डिसेंबर २०२० मध्ये या कंपनीचे दालन नवी मुंबईत तुर्भे येथे सुरू झाले आणि हे नाव मराठी घरांतही ऐकू येऊ लागले. आपल्याकडील कारखानदारही याच धर्तीची कपाटे करतात. आतील माल सर्वत्र सारखाच: लाकडाचा भुगा व चुरा डिंकाने दाबून केलेला पार्टिकल बोर्ड, त्यावर कागदाचा किंवा लॅमिनेटचा पातळ थर, आणि मागे पुठ्ठ्यासारखी पातळ पाठ. त्या मालाचा स्वभाव ओळखला की पुढची कामे सोपी होतात. त्याला पाणी सोसत नाही, आणि एकदा उखडलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही.

याची खरी परीक्षा मी पाहिली ती जोतिबाच्या डोंगरावर. कोल्हापूरपासून सुमारे १८ किलोमीटरवर, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,१०० फूट उंचीवर वसलेली ही वाडी रत्नागिरी. पावसाळ्यात ढग दारातून आत येतात आणि दोन-दोन दिवस समोरचे मंदिर दिसत नाही. तेथे माझे एक स्नेही राहतात. निवृत्त शिक्षक, घराणे गुरवाचे. घराचा खालचा भाग जुना, दगडी. वडिलांच्या हस्तलिखित आरत्या, स्वतःची चाळीस वर्षांची पुस्तके, शाळेत मिळालेली बक्षिसे हे सारे त्यांनी दोन पत्र्याच्या ट्रंकांत ठेवले होते. एका श्रावणात ट्रंक उघडली तर तळाची पुस्तके एकमेकांना चिकटून वीट झालेली. तेव्हा पुण्याच्या लेकीने तीन तयार कपाटांची खोकी पाठवून दिली. गुरुजींचा त्यांवर विश्वास नव्हता. “पहिल्याच पावसात याची भाकरी होणार,” असे ते म्हणाले. त्यांची शंका रास्त होती. खोक्यातील पुस्तिकेत केवळ चित्रे असतात, एक शब्दही नसतो. जोतिबाच्या पावसाचे चित्र त्यात असण्याचे कारणच नाही.

म्हणून पहिला निर्णय जागेचा. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो. त्या बाजूची बाहेरची भिंत कितीही मोकळी असली तरी तिच्यालगत पुस्तके ठेवू नयेत. गुरुजींच्या घरी जिन्याशेजारी दोन भिंतींमध्ये एक खोलगट जागा होती, तीन बाजूंनी घराच्या आतील भिंती असलेली. तीच निवडली. शहरातील सदनिकेतही हाच नियम लावावा, आणि न्हाणीघराची भिंत टाळावी.

दुसरे काम मोजमापाचे. भिंत सरळ आहे असे कधीही गृहीत धरू नये. रुंदी जमिनीलगत, मध्यावर आणि वर अशी तीन ठिकाणी मोजावी आणि त्यांतील सर्वांत लहान माप खरे मानावे. गुरुजींच्या त्या जागेची रुंदी खाली २५९ सेंटीमीटर भरली आणि वर २५५. तीन कपाटांना लागतात २४०. म्हणजे दोन्ही बाजू मिळून वर पंधरा आणि खाली एकोणीस सेंटीमीटर जागा उरली. नवख्या माणसाला ही उरलेली जागा अडचण वाटते. वस्तुतः कपाट भिंतीत सामावले जाते ते याच जागेमुळे. अगदी घट्ट बसणारे कपाट वाकड्या भिंतीत आत जातच नाही, आणि गेलेच तर एका टोकाला टेकून दुसरीकडे फट दाखविते.

उंचीही पाहावी. २०२ सेंटीमीटरचे कपाट जमिनीवर आडवे जोडून उभे करताना त्याचा कर्ण सुमारे २०४ भरतो. तेवढी मोकळी उंची नसेल तर ते उभे होणार नाही. जुन्या घरांत तुळयांखाली हा प्रश्न खरोखर येतो. वर बैठकीची उंचीही मिळवायची असते, हे विसरू नये.

आता बैठक. हे काम वगळून पुढे जाणारे लोक वर्षभरात पस्तावतात. आपण फरशी पुसतो, सणासुदीला धुतो. कपाटाचा पार्टिकल बोर्ड थेट फरशीवर उभा असेल तर खालच्या कडा पाणी पितात, फुगतात, आणि मग त्यांवर काहीही उपाय चालत नाही. म्हणून तीन ते चार इंच उंचीची बैठक आधी करावी. ती पाण्याला टिकणाऱ्या प्लायची करता येते. वखारीत ‘आयएस ७१०’ ही खूण असलेला प्लाय मागावा, ती मरीन प्लायची खूण आहे. आमच्याकडे याहून साधी गोष्ट उपलब्ध आहे: विटांचा एक थर आणि त्यावर कडप्प्याची पट्टी. जोतिबाच्या घरात हेच केले. बैठकीवर पाणसळ ठेवून, लागेल तेथे पाचरी देऊन ती काटेकोर समपातळीत आणावी, कारण वर येणारी प्रत्येक रेघ या एका पातळीवर अवलंबून असते. बैठकीच्या दर्शनी भागाला खोलीच्या स्कर्टिंगचीच टाइल लावावी. खोलीभर फिरणारी ती पट्टी कपाटाखालूनही न तुटता गेली की कपाट मागाहून आणले आहे हे सांगूनही पटत नाही. परदेशी चित्रांत येथे लाकडी पट्टी दाखवितात. आपल्या घरांत ती परकी वाटते. धर्मग्रंथ पायाच्या पातळीवर नसावेत हा आपल्याकडील संस्कारही बैठकीमुळे पाळला जातो, आणि सर्वांत खालचा खण मुलांच्या नकाशांना व खेळांना मोकळा राहतो.

कपाटे जोडताना पाठ ठोकण्यापूर्वी दोन्ही कर्ण मोजावेत. ते समान असतील तरच चौकट गुण्यात आहे. पाठ पातळ असली तरी ती काढून टाकू नये; कपाट एका बाजूस कलू न देण्याचे काम तीच करते. काही जण भिंतीचा रंग दिसावा म्हणून पाठ काढतात, हे मला धोक्याचे वाटते. भिंतीचा रंग पाठीला देता येतो. मग कपाटे बैठकीवर शेजारी-शेजारी उभी करून, समोरच्या कडा एका रेषेत आणून, आतून स्क्रूने एकमेकांना जखडावीत. दोन्ही पाट्यांची एकत्रित जाडी मोजून तिच्याहून थोडा आखूड स्क्रू घ्यावा, म्हणजे टोक पलीकडे येणार नाही.

यानंतर कपाटे भिंतीला बांधणे. येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण हा शोभेचा प्रश्न नाही. पुस्तकांनी भरलेले दोन मीटर उंचीचे कपाट लहान मूल शिडीसारखे चढून जाते, आणि २८ सेंटीमीटर खोलीचे ते उभे ओझे पुढे झुकण्यास फार जोर लागत नाही. अशा अपघातांत जगात अनेक मुले दगावली आहेत. त्याच कारणाने आयकियाला २०१६ साली अमेरिकेत आपली लाखो खणांची कपाटे परत बोलवावी लागली. आपला प्रदेश तर कोयनेच्या छायेतला. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट आठवणारी माणसे अजून घराघरांत आहेत. तेव्हा प्रत्येक कपाट वरच्या बाजूस एल पट्टीने भिंतीला जखडलेच पाहिजे. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिल आणि प्लग पुरतो. दगडमातीच्या भिंतीत मात्र सांध्यात मारलेला प्लग मातीसकट हातात येतो. तेथे सलग दगड शोधून त्यात भोक घ्यावे. काळा पाषाण टणक असतो, वेळ लागतो. गुरुजींच्या सुताराने आणखी चांगली युक्ती केली. त्याने भिंतीवर एक आडवी सागवानी पट्टी चार वेगवेगळ्या दगडांत पक्की केली आणि तिन्ही कपाटे त्या पट्टीला बांधली. पट्टीच्या जाडीमुळे कपाटांमागे बोटभर हवाही खेळती राहिली, जी अशा घरात हवीच होती.

येथवर तीन कपाटे उभी असतात, मजबूत, आणि अजून तीन वेगळी कपाटेच दिसत असतात. त्यांना एक करणारी गोष्ट म्हणजे दर्शनी चौकट. जेथे दोन कपाटे भेटतात तेथे दोन कडा आणि त्यांमधली बारीक रेघ दिसते. त्या दोन्ही कडा झाकेल अशी दीड-दोन इंच रुंद एकच उभी पट्टी वरपासून खालपर्यंत बसवावी. रेघ नाहीशी होते आणि जाड, भारदस्त खांब दिसू लागतो. स्वस्त कपाट ओळखू येते ते त्याच्या बारीक कडांवरून. कड जाड झाली की नजर फसते. वरच्या आणि खालच्या बाजूसही आडव्या पट्ट्या घ्याव्यात.

बाजूच्या फटी झाकण्याचे काम सर्वांत नाजूक आहे. भिंत वेडीवाकडी, पट्टी सरळ. तेव्हा पट्टीला भिंतीचा आकार द्यावा लागतो. पट्टी ओळंब्यात उभी धरून भिंतीला टेकवावी. मग लाकडाचा एक छोटा ठोकळा भिंतीवर टेकवून, त्याला पेन्सिल लावून, तो वरपासून खालपर्यंत सरकवीत न्यावा. भिंतीचा प्रत्येक फुगवटा आणि खळगा पट्टीवर रेघेच्या रूपाने उतरतो. त्या रेघेवर कापून रंध्याने किंवा कानशीने कड साफ केली की पट्टी भिंतीला अशी चिकटते की मध्ये पोस्टकार्ड जात नाही. जोतिबाच्या मंदिरात, १७३० साली राणोजी शिंद्यांनी बांधविलेल्या त्या दगडी कामात, एका दगडाला दुसऱ्याच्या मापाने घडविले आहे. लाकडात आपण करतो ते त्याच जातीचे, फार लहान काम. गुरुजींच्या सुताराला दोन पट्ट्यांसाठी अर्धा दिवस लागला. माझ्या मते मजुरी द्यायची ती याच अर्ध्या दिवसासाठी. बाकी बरेच घरच्या घरी होते.

वर तुळईपर्यंत २७ सेंटीमीटर पोकळी उरली होती. ती उघडी ठेवली तर धूळ साचते आणि कपाट ठेंगणे दिसते. तेथे प्लायचा एक बुटका खण करून त्याला झडपा लावल्या. सुट्या पानांची पोथी पुस्तकासारखी उभी ठेवू नये. वेष्टनात बांधून, दोन फळ्यांमध्ये, आडवीच ठेवावी. बुटका, रुंद खण तिच्या सोयीचा. वडिलांची आरत्यांची वही आता तेथे आहे.

फळ्या वाकणे हा या कपाटांचा जुना रोग. बिलीच्या एका फळीवर ३० किलोपेक्षा अधिक भार देऊ नये असे तिचे कर्तेच सांगतात. कोशांचे आणि पुराणांचे जाड खंड ही मर्यादा सहज ओलांडतात. एक खणभर ग्रंथ घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहावेत. उपाय दोन. फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंची लाकडी पट्टी उभी चिकटवून स्क्रूने आवळावी; फळी ताठ होते आणि जाडही दिसते. किंवा जड ग्रंथांसाठी ४० सेंटीमीटरचे अरुंद कपाट घ्यावे. फळीची लांबी निम्मी केली की तितक्याच दाटीने लावलेल्या पुस्तकांखाली तिचा बाक सोळाव्या हिश्शावर येतो. हे गणित ज्याला पटले तो ८० सेंटीमीटरच्या फळीवर शब्दकोश मांडणार नाही.

रंगाविषयी थोडक्यात. फळ्या खालीवर करण्यासाठी पाडलेल्या भोकांच्या रांगा कपाटाची जात उघड करतात. फळ्यांच्या जागा ठरल्या की नको असलेली भोके लांबीने भरावीत. गुळगुळीत कागदी थरावर रंग धरत नाही. १८० किंवा २२० नंबरच्या पॉलिश कागदाने हलके घासून, चिकट प्रायमरचा एक हात देऊन मगच रंगाचे दोन हात द्यावेत. कापलेल्या सर्व कडा प्रायमरने बंद कराव्यात, कारण ओल तेथूनच शिरते. पट्टी आणि भिंत यांमधील केसाएवढी फट रंग घेणाऱ्या ॲक्रिलिक सीलंटने भरावी. सिलिकॉनवर रंग बसत नाही. कपाट, चौकट आणि वरचा खण यांना एकच रंग द्यावा. पावसाळ्यात हे काम काढू नये. दिवाळी ते होळी हा काळ उत्तम. आणि जोतिबावर तर चैत्री यात्रेआधी रंग पुरता वाळलाच पाहिजे, नाहीतर ओल्या रंगावर गुलाल बसून कपाट कायमचे गुलाबी होते. गुरुजींनी यासाठी पुसता येईल असा तेलरंग घेतला आणि पुढे सरकत्या काचा लावल्या. सरकत्या काचांची मराठी माणसाची जुनी हौस आता मागे पडली आहे, पण धुळीच्या आणि गुलालाच्या गावी तिच्याहून सोयीचे दुसरे काही नाही. काचा पूर्ण बंद न करता दोन्ही टोकांना बोटभर वारा ठेवावा.

पुस्तकांना कसर लागते ती ओल आणि अंधार यांमुळे. औषध फवारून जीव मारण्याचा प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था आधी करणे आपल्याला अधिक मानवेल. बैठकीमुळे खालची ओल थांबते, मागे हवा खेळते. उरते ते वर्षातून एकदा, कोरड्या दिवसांत, पुस्तके बाहेर काढून सावलीत उघडी ठेवणे. वेखंडाचा तुकडा आणि कडुनिंबाची वाळलेली पाने पूर्वीचे लोक पोथ्यांत ठेवीत, तीही ठेवावीत. मात्र पाने ओली नसावीत. श्रुतपंचमीला ग्रंथ बाहेर काढून झटकण्याची प्रथा ज्या घरांत आहे, त्यांना हा दिवस वेगळा शोधावा लागत नाही. ती ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर येते. आकाश भरले असेल तर चार दिवस आधीच काम उरकावे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्या तरुण मंडळींनी चौकटीच्या पट्ट्या डिंकाने न चिकटविता केवळ स्क्रूने बसवाव्यात आणि स्क्रूची डोकी लांबीने झाकावीत. घर बदलताना कपाटे व मधल्या पट्ट्या बरोबर नेता येतात. भिंतीलगतच्या दोन पट्ट्या मात्र नव्या घरात नव्याने कापाव्या लागतील.

गुरुजींच्या कपाटाने दोन पावसाळे पाहिले आहेत. पहिल्या पावसाळ्यानंतर डाव्या पट्टीशेजारी सीलंटला एक बारीक भेग पडली. जुने घर ऋतुमानाप्रमाणे हलते, त्याला इलाज नाही. उरलेला रंग एका लहान डब्यात, झाकणावर त्याचा क्रमांक लिहून, जादा स्क्रू आणि फळ्यांच्या खुंट्यांसह त्यांनी खालच्या खणात ठेवला होता. अर्ध्या तासात ती भेग भरून निघाली.